मेनू कुणी पळवला?
विंडोज की लिनक्स, असं विचारणारा ग्रब या बूटलोडरचा मेनू एका सकाळी गायब झाला की जाणकारांचं निदान ठरलेलं असतं: ‘तुम्हीच काहीतरी केलं असेल.’ पुरावा मात्र वेगळं सांगतो. ऑगस्ट 2024 मध्ये ग्रबमधल्या 2022 सालच्या एका त्रुटीवर उतारा म्हणून मायक्रोसॉफ्टचं अपडेट आलं. दोन सिस्टिम नांदणाऱ्या यंत्रांना ते हात लावणार नाही, असं कंपनीने सांगितलं होतं. लावला. लिनक्स सुरू करायला गेलं की पडद्यावर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ एवढं प्रांजळ निवेदन यायचं आणि यंत्र बंद. सुटकेची पहिली पायरी कोणती, तर सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होतानाचा सह्यांचा तपास, बंद करा! सुरक्षेच्या अपडेटवर उपाय म्हणून सुरक्षाच काढायची.

सुरक्षा नको का, असं कोणी विचारेल. हवीच की, पण चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? लिनक्सवालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. 2021 च्या ग्रब 2.06 पासून शेजारची सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला. मेनू नव्याने घडवला की विंडोज यादीतून गुल. कारण? अर्थात सुरक्षा. तेव्हा मेनू हरवला म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका. आधी यूईएफआयमधला बूटक्रम, म्हणजे सुरू होताना यंत्र पहिली हाक कुणाला मारतं, ते तपासा.