कलेक्टरची सही, बेसची मर्जी

उमेदीची तीस वर्षे महसूल खात्यात अव्वल कारकुनीत घालविल्यामुळे 'कलेक्टर' हा शब्द कानी पडताच कोटाची बटणे चाचपण्याची जी खोड मला जडली, ती पेन्शनीतही सुटलेली नाही. म्हणूनच भाच्याने हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तीन पायांचा काळा ट्रान्झिस्टर माझ्या तळहातावर ठेवून, "मामा, हा पाय कलेक्टर, हा एमिटर आणि मधला बेस," असे सांगितले, तेव्हा मी नकळत उभा राहिलो.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालविला व पुढच्याच महिन्यात शॉकली यांना ही सांध्यांची जात सुचली, हा इतिहास त्याने घाईने उरकला. मला गोडी होती ती कचेरीच्या अंतर्गत कारभाराची. एमिटरच्या देवडीतून निघालेले इलेक्ट्रॉन बेसच्या ओसरीत शिरतात. परंतु ती ओसरी इतकी अरुंद, की शंभरांतला एखादाच तेथे बूड टेकतो आणि उरलेले, बसू की नको हा विचार करण्यापूर्वीच, पलीकडे कलेक्टरच्या दालनात ओढले जातात. त्या एका बसलेल्याची भरपाई म्हणून बेसला जी चिरीमिरी पोचते, तिच्या सुमारे शंभरपट प्रवाह कलेक्टरच्या वाटेने वाहतो. ती थांबली, की दप्तर बंद! आणि हा सारा पैसा बॅटरीच्या खजिन्यातला. आपल्या आवाजाने केवळ अर्ज करावयाचा.

अॅम्प्लिफायर मी स्वहस्ते जोडला. मात्र बेसला अर्जाआधीच कायमचा तनखा पोचविणारा 'बायस'चा रेझिस्टर, ही उघड लाच आहे असे ठरवून, तत्त्वनिष्ठेने वगळला. मायक्रोफोनपुढे घसा फोडला, तरी इअरफोन मुका. "मामा, सहा दशांश व्होल्ट मिळाल्याखेरीज बेस मान वर करीत नाही, आणि तुमचा अर्ज काही सहस्रांश व्होल्टांचा. मोठा अर्ज रेटलात, तरी लाटेचा वरचा अर्धा भाग तेवढा मंजूर, खालचा रद्दीत. तनखा चालू ठेवलात, तर त्यातली कमीजास्तदेखील त्याला कळते."

हा स्वभाव मला अपरिचित होता असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

रात्री निजानीज झाल्यावर तपकिरी, काळ्या, हिरव्या पट्ट्यांचा तो एक मेगओहमचा रेझिस्टर मी गुपचूप डाग देऊन बसविला, इअरफोन कानाला लावला आणि काय बोलावे ते न सुचल्याने सवयीने जे ओठांवर आले ते पुटपुटलो. कानात खणखणीत उमटले: "उद्या या."