मॅनेज झाला!

उमेदवारी अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारी तीनला संपते. सकाळपर्यंत 'जनतेच्या आग्रहास्तव' उभा असलेला अपक्ष अकराच्या सुमारास नॉट रिचेबल होतो आणि पावणेतीनला, ज्याच्याविरुद्ध दंड थोपटले होते त्याच्याच गाडीतून उतरून, निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनात शिरतो. बाहेर आल्यावर 'विकासासाठी' माघार घेतल्याचं सांगतो. कचेरीसमोरच्या टपरीवर या सगळ्याला दोनच शब्द लागतात : मॅनेज झाला.

इंग्रजांना स्वतःचं हे क्रियापद नीट वापरता आलंच नाही. त्यांच्याकडे मॅनेज करणारा बिचारा कष्टाळू असतो. कडेवर पोर, हातात बॅगा अशी जिना चढणारी बाई मदत विचारलीत तर 'आय कॅन मॅनेज' म्हणते आणि खरोखरच एकटी चढते. 'आय मॅनेज्ड टु कॅच द ट्रेन' म्हणजे धापा टाकत का होईना, गाडी मिळाली. आपल्याकडे कुणी गाडी 'मॅनेज केली' म्हणालं, तर ऐकणारा लगेच विचारेल, टीसीला किती दिले?

शब्दाचं कूळ मात्र खानदानी आहे. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात. (माणूस नव्हे, हात. पण आपल्याकडे 'आपला माणूस' असला की हात आपोआप पोचतो.) त्यावरून इटालियन 'मानेज्जारे' : हाताळणे, विशेषतः घोडा वळणावर आणणे. सोळाव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत शिरलं ते असं घोड्यावर बसून. पुढे पीटर ड्रकरने 1954 मध्ये 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' लिहिलं, 1961 मध्ये अहमदाबादेत आयआयएम निघाली, मॅनेजरला केबिन मिळाली आणि घोड्याला सगळे विसरले. आठवण ठेवली ती आपल्या राजकारणाने. आमदार इकडचे तिकडे होऊ लागले की वर्तमानपत्रं न चुकता 'घोडेबाजार' छापतात.

हा घोड्यांवर अन्याय आहे. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथला बाजार पाहून या. दात तपासतात, चाल बघतात, मग भाव ठरतो. विकला गेलेला घोडा 'मी विचारधारेसाठी गेलो' असं अद्याप तरी म्हणालेला नाही.

मराठीची खरी करामत पुढेच आहे. 'मॅनेज करणे' सकर्मक. त्याला कर्ता लागतो, आणि कर्ता सापडला तर गुन्हा दाखल होण्याची भीती. म्हणून आपण 'मॅनेज होणे' हे अकर्मक रूप चालवलं. पाऊस झाला, सर्दी झाली, टेंडर मॅनेज झालं. कुणी केलं, हा प्रश्न त्या वाक्यात बसतच नाही. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा अशा सोयीची त्यांना कल्पना नसावी. पहिल्याच डावात पाठ टेकवणारा मल्ल आणि कोर्टात साक्ष फिरवणारा साक्षीदार या एका क्रियापदात गुण्यागोविंदाने नांदतात.

शिक्षणक्षेत्राने मात्र आडपडदा ठेवला नाही. गुणांवर मिळाली तर जागा, गुण कमी पडले तर मॅनेजमेंट कोटा. पोरगं मॅनेजमेंट नंतर शिकतं. बापाचं प्रात्यक्षिक प्रवेशाच्या दिवशीच होतं.

तरीही क्वचित एखादा कनिष्ठ अभियंता मॅनेज होत नाही. बिलावर जो शेरा मारायचा तोच मारतो. पंधरवड्यात बदलीचा कागद हातात पडतो. सामान बांधायला आलेला मेहुणा बहीण स्वयंपाकघरात गेल्याची खात्री करून घेतो आणि हळूच विचारतो, "दाजी, खरं सांगा, कमी देत होते का?"