मतदारसंघ क्रमांक १४५

विधानसभा मतदारसंघ ही चीज कुणी प्रत्यक्ष पाहिली आहे का? खाडी दिसते. डोंगर दिसतो, निदान पाऊस सरल्यानंतरच्या एखाद्या स्वच्छ सकाळी दोन विंगांमधल्या फटीतून तरी दिसतो. मेट्रोचे खांब तर इतके दिसतात की त्यांच्याआडचं बाकी काही दिसत नाही. पण सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर दिवसभर उभं राहिलं तरी मतदारसंघ काही नजरेस पडायचा नाही. त्याला वेस नाही, वेशीवर मारुती नाही. मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाले 'सिल्व्हर पार्क, सिल्व्हर पार्क' म्हणून ओरडतात. 'एकशे पंचेचाळीस, एकशे पंचेचाळीस' म्हणून कुणी ओरडत नाही. आणि तरी आपण त्यातच राहतो, बारा महिने तेरा काळ, अगदी झोपेतसुद्धा.

१४५, मीरा-भाईंदर. राज्याच्या २८८ मतदारसंघांतला आमचा हा एक. अनुक्रमानं आमच्या आधी १४४, म्हणजे कल्याण ग्रामीण. त्याचा आमचा शेजार नाही, ओळखदेख नाही, मध्ये अख्खं ठाणं पसरलेलं. उलट दहिसर, जिथं आम्ही चालत जाऊ शकतो, ते १५३. जिल्हा बदलला की आकड्यांची माळ तुटते, हे त्याचं सरळ कारण. पण सरळ कारण कळलं म्हणून नवल संपतंच असं नाही. नकाशावर बोट फिरवताना मला नेहमी वाटतं की डोंबिवलीच्या बाजूला कुणाला तरी शिंक आली असावी, आणि ती ओसरून बोट पुन्हा टेकलं ते थेट भाईंदरच्या मिठागरांवर.

या रेषा न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पुनर्रचना आयोगानं आखल्या, २००१च्या जनगणनेवरून. त्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती होती पाच लाख वीस हजार. नव्या रेषांवर पहिली विधानसभा निवडणूक झाली २००९ साली, आणि २०११ची जनगणना झाली तेव्हा आम्ही आठ लाखांच्या वर गेलेलो. शिंप्यानं माप घेतलं आणि कपडा शिवून येईतो पोरगं हातभर वाढलं, तसं झालं. पण त्या जुन्या मापाचाच सदरा आम्ही घालतो, आणि उरलेलं अंग शेजारच्या सदऱ्यात कोंबलेलं आहे. म्हणजे असं, की आमच्याच महानगरपालिकेचा काही भाग १४६मध्ये, ओवळा-माजिवड्यात मोडतो. घरपट्टी एकाच कचेरीत भरायची, कचऱ्याची गाडी एकच, पण आमदार वेगळा.

हा १४६ मला फार आवडतो. तो आमच्या बाजूनं निघतो आणि घोडबंदर रस्त्यानं डोंगराला वळसा घालत थेट ठाण्यात जातो. एका कुशीला खाडी, दुसऱ्या कुशीला जंगल. त्या जंगलात बिबटे आहेत. त्यांनाही हद्दी असतात, त्या ते स्वतः आखतात, झाडावर नखं ओढून, आणि रोज रात्री फिरून तपासतात. आपली हद्द आपण पायांनी तपासावी ही कल्पना मतदारांत अजून रुजलेली नाही. लोकसभेचं पाहाल तर आणखी गंमत. आम्ही ठाणे लोकसभेत, आणि आमच्याच बरोबर बेलापूर. सिल्व्हर पार्कातल्या माणसाला बेलापूरला जायचं तर डोंगर ओलांडून, ठाणं ओलांडून, खाडीचा काठ धरून अर्धा दिवस मोडावा लागतो. तिथल्या मतदारांशी आमचं रक्ताचं ना पाण्याचं नातं. तरी दर पाच वर्षांनी आम्ही सगळे मिळून एकच खासदार निवडतो, दोन अनोळखी माणसांनी रेल्वेच्या डब्यात एकच वर्तमानपत्र अर्धं-अर्धं धरावं तसा.

स्वभावाचं म्हणाल तर या दोन शेजाऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक. ओवळा-माजिवड्यानं २००९पासून चारही वेळा प्रताप सरनाईकांनाच निवडून दिलं. आम्ही मात्र कधी एका कुशीवर झोपलो नाही. २००९ला राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा, २०१४ला भाजपचे नरेंद्र मेहता, २०१९ला मेहतांना हरवून अपक्ष गीता जैन, आणि २०२४ला पुन्हा मेहता, तेही साठ हजारांच्या फरकानं. सलग दोनदा आम्ही कुणालाच नमस्कार केलेला नाही. राजकीय पंडित याची कारणं जातीपातीत, भाषांत, बंडखोरीत शोधतात, शोधू देत. माझा आपला साधा अंदाज असा, की आम्ही सगळेच इथं कुठून तरी आलेले, भाड्याच्या घरात अकरा महिन्यांचा करार करत करत वर चढलेले. आम्हाला करार नव्यानं करायची सवय आहे.

'कुठून तरी आलेले' हे मात्र पुरतं खरं नाही. उत्तनचे कोळी कुठून आले नाहीत, ते होतेच. डोंगरी, पाली, चौक इथली चर्चं आमच्या इमारतींच्या कितीतरी आधीची. आगरी गावठाणं होती, मिठागरं होती. सिल्व्हर पार्कातला माणूस उत्तनला जातो तो पाहुणे आले की, समुद्र दाखवायला. आणि उत्तनचा माणूस इकडे येतो तो बहुधा मासळी घेऊन. हे दोघे एकाच यंत्रावर बोट ठेवतात याची दोघांनाही आठवण नसते.

आठवण येते ती भोंग्यानं. आचारसंहिता लागली की पंधरवड्यात आमच्या रस्त्याला कंठ फुटतो. एक रिक्षा मराठीत विनवते, तिच्या मागची हिंदीत, आणि सिग्नलला दोघी शेजारी थांबल्या की तिसरी गुजरातीतून त्यांच्यात पडते. लहानपणी गावाकडे एकच जीप यायची. तिच्यामागं धुळीत धावायचं ते बिल्ल्यांसाठी. पत्र्याचे, सेफ्टी पिन लावलेले बिल्ले; पक्ष कुठला याला महत्त्व नव्हतं, छातीवर जागा किती उरली याला होतं. परस्परांचे हाडवैरी असलेले पक्ष माझ्या एका सदऱ्यावर गुण्यागोविंदानं नांदले आहेत. तेव्हा मला ते विचित्र वाटलं नव्हतं. आता तर मुळीच वाटत नाही.

चिन्हांवर माझा जीव तेव्हापासूनचा. निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे चित्रकार होते, १९९२ला निवृत्त झाले. चिन्हं ते पेन्सिलीनं काढायचे. आजही अपक्षांना वाटल्या जाणाऱ्या मुक्त चिन्हांच्या यादीतून फिरून यावं: फुलकोबी आहे, हिरवी मिरची आहे, प्रेशर कुकर, नेलकटर, पायमोजे, स्टेपलर आहे. माणसाला घर लावायला जे जे लागतं ते सगळं लोकशाहीनं सांभाळून ठेवलं आहे. एखादा गृहस्थ अनामत रकमेचे दहा हजार भरतो, आयुष्यात पहिल्यांदा हार घालून घेतो आणि हात जोडून सांगतो की माझी निशाणी फुलकोबी. वैध मतांच्या एक-षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर ते दहा हजार जातात, आणि बहुतेकांचे जातातच. मला त्या माणसाला हसू येत नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तो बाजारात कोबी घ्यायला जात असेल तेव्हा त्याला काय वाटत असेल, एवढंच मनात येतं.

पत्रकांचं मात्र मी सविस्तर लिहीत नाही, कारण त्यांच्यात दोनच गोष्टी असतात, पाणी आणि मेट्रो. पाणी म्हणजे सूर्या धरणाचं, रोजचे २१८ दशलक्ष लिटर. ते नळाला येण्याच्या कितीतरी आधीपासून पत्रकांतून अखंड वाहत आलं आहे. मेट्रो ९ची पायाभरणी कल्याणच्या समारंभात १८ डिसेंबर २०१८ला झाली, आणि दहिसर ते काशीगाव चाचणीची गाडी धावली मे २०२५मध्ये. आधी वचन, मग पत्र्याचं कुंपण, मग खांब, अशी तिची बाळपावलं आम्ही एकेका निवडणुकीच्या मापानं मोजली. इतर गावं काळ मोजतात सणांवर.

मग मतदानाचा दिवस उजाडतो आणि मतदारसंघ अखेर दिसतो. रांगेत. वर्षभर लिफ्टमध्ये फक्त आकड्यांकडे बघणारी माणसं अर्धा-पाऊण तास एकमेकांच्या पाठीकडे बघत उभी राहतात आणि पाठीवरून गोष्टी सुरू होतात. मारवाडी भाभी कोकणी काकूंना गुडघेदुखीचं तेल सांगतात. नया नगरचं काय, शांती नगरचं काय, रांग कुठं मोठी, याच्या बातम्या येतात. आत गेल्यावर डाव्या तर्जनीला सिल्व्हर नायट्रेटची शाई, यंत्राची लांब शिट्टी, आणि काचेआड सात सेकंद दिसणारी चिठ्ठी. पाच वर्षांच्या वाट्याला सात सेकंद. तेवढ्यात चश्मा सापडला तर वाचायचं. बाहेर येऊन जो तो बोटाचा फोटो काढतो. इतकं साधं बोट, एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, त्या दिवशी नवरदेवासारखं मिरवतं.

आमच्या सोसायटीत एक वृद्ध गृहस्थ आहेत, मूळचे राजापूरकडचे. मत गावाकडेच ठेवायचं, इथं आणायचं नाही, असं त्यांचं पुष्कळ वर्षं चाललं होतं. मत इथं आणलं म्हणजे आपण परत जाणार नाही हे कबूल केल्यासारखं होतं, असं काहीसं त्यांचं गणित. शेवटी बायकोनं हट्ट धरला आणि दोघांची नावं इथल्या यादीत एकाखाली एक लागली. तिला जाऊन आता काही वर्षं झाली. नाव आहे तिथंच आहे, फोटोत कपाळावरच्या मोठ्या कुंकवासकट. यादीतून नाव काढायला नमुना ७ असतो, मृत्यूचा दाखला जोडायचा असतो. मुलगा तो दर वेळी आणून देतो आणि हे 'बघू नंतर' म्हणून वीजबिलांच्या फाइलीत ठेवतात.

गेल्या विधानसभेला, २० नोव्हेंबर २०२४च्या सकाळी, केंद्राबाहेरच्या टेबलावर यादी घेऊन बसलेल्या पोरानं त्यांना दोन चिठ्ठ्या फाडून दिल्या. "काका, आजी कुठंयत?" पोरानं विचारलं. "पुढं गेल्यात," ते म्हणाले. पोरानं केंद्राच्या दारापर्यंतच्या रांगेवर नजर टाकली, मान हलवली आणि पुढचं नाव शोधायला लागला. त्यांनी एक चिठ्ठी हातात धरली, दुसरी घडी करून वरच्या खिशात घातली, आणि आपलं तेवढं एक मत देऊन घरी आले. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "रांग बरीच होती, पण सोबत होती."

नियमानं बघाल तर ते नाव निघायला हवं, आणि आज ना उद्या निघेल. ते त्यांचं ते बघतील. तुम्ही मात्र आपलं नाव एकदा तपासून घ्या. नाव नसेल तर नमुना ६, घर बदललं असेल तर नमुना ८. पण हे आताच करा, कारण उमेदवारांची अर्ज भरण्याची मुदत संपायच्या आधीच यादीचं दार बंद होतं, आणि मतदानाच्या सकाळी टेबलावरच्या पोराशी कितीही भांडलं तरी ते उघडत नाही.