शेवाळाला उपाशी ठेवण्याची सोपी पद्धत: नवशिक्यांसाठी

साहित्य: 200 लिटरचं निळं पिंप, मासे पाळणाऱ्यांकडे असतो तसा हवेचा पंप, भरपूर ऊन, थोडा युरिया, थोडं सुपर फॉस्फेट आणि काळजाचा दगड. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, घरीच करावी लागते.

शेवाळ म्हणजे न्हाणीत पाय घसरतो ते नव्हे. आपल्याला हवं ते एका पेशीचं, पाण्यात तरंगणारं, सुटं डोळ्यांना न दिसणारं. क्लोरेला घ्या, नवशिक्याला सांभाळून घेतं. पहिले आठ-दहा दिवस त्याचे लाड करा. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं दाट हिरवं झालं की घरच्यांना बोलावून दाखवा, फोटो काढा. आणि मग युरिया, म्हणजे त्याचं नत्र, बंद करा.

इथे बरेच जण कच खातात. इतकं छान चाललंय, उपाशी कशाला मारायचं? कारण खाऊनपिऊन सुखी असलेलं शेवाळ तेलाच्या भानगडीत फारसं पडत नाही. ते नुसतं वाढतं: एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार. साठवणीची बुद्धी त्याला टंचाईत होते. स्पोअर आणि मिलनर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी क्लोरेलाचं नत्र तोडून हे 1949 मध्येच दाखवलं होतं.

आता उपाशी प्राणी तर वाळतो, हे लठ्ठ कसं होतं? बांधकामाची जागा डोळ्यांसमोर आणा. सिमेंट संपलंय आणि विटांचे ट्रक येतच आहेत. ऊन चालू, हवेतला कार्बन डायऑक्साइड चालू, म्हणजे विटा चालू. प्रथिनांना नत्र लागतं, ते नाही. भिंत उभी राहत नाही, पेशी दुभंगत नाही. ट्रक परत पाठवायचीही सोय नाही, कारण उन्हाची ऊर्जा कुठेतरी जिरवली नाही तर पेशीच पोळते. मग विटा अंगणात रचायच्या. तेलाला नत्राचा कणही लागत नाही, म्हणून तेल. क्लोरेला बहुधा आधी पिष्ट साठवतं, मग तेलाकडे वळतं. तेव्हा दुसऱ्याच दिवशी बाटली घेऊन उभे राहू नका.

काही दिवसांनी हिरवा रंग फिका पडेल, कैरीच्या पन्ह्याकडे झुकेल. घाबरू नका, मेलेलं नाही. हरितद्रव्यातही नत्र असतं. अडचणीत घरातली पितळेची भांडी मोडीत काढावीत तसं पेशी तेच मोडून खातेय. ओळखीच्या प्रयोगशाळेत एक थेंब न्या, नाईल रेड नावाचं रंगद्रव्य घालायला सांगा आणि फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकातून बघा. लालसर पेशीच्या पोटात सोनेरी पिवळे मणी चमकत असतात. या क्षणी प्रत्येक नवशिका मनातल्या मनात पेट्रोल पंप टाकतो.

उत्साहाच्या भरात मीठ, ऊन, उकाडा सगळंच एकदम वाढवू नका. एकेका त्रासाने तेल वाढू शकतं. सगळे मिळून दुष्काळात तेरावा महिना, आणि पिंपाच्या तळाशी गाळ. थंडीचं प्रकरण वेगळं. तिने तेल वाढेलच असं नाही, पण तेलाची जात बदलते. आपलं खोबरेल डिसेंबरात बाटलीत थिजतं. पेशीच्या पडद्याला थिजणं परवडत नाही, म्हणून पेशी असंतृप्त मेदाम्लं वाढवते. आणि डायाटम जातीचं शेवाळ पाळलं असेल तर युरिया चालू ठेवून सिलिका तोडा, त्याचं घरच काचेचं असतं.

आता पाटी घ्या. समजा, खातंपितं शेवाळ दिवसाला 20 ग्रॅम वाढतं आणि त्यात 20 टक्के तेल आहे: 4 ग्रॅम. उपाशी शेवाळात तेल 50 टक्के, पण वाढ 5 ग्रॅमवर आलेली: अडीच ग्रॅम. टक्केवारी ऐकून पेढे वाटले असतील तर ते गेले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने हीच पाटी 1978 ते 1996 गिरवली, सुमारे 2.5 कोटी डॉलर खर्चून. 3000 वर वाण गोळा केले. तेलाच्या कामातलं एक जनुक डायाटममध्ये जादा घातलं. विकर वाढलं, तेल नाही. न्यू मेक्सिकोत रॉसवेलला हजार चौरस मीटरचे तलाव केले, तर थंडीने वाढ मंदावली आणि प्रयोगशाळेतल्या लाडक्या वाणांना गावठी शेवाळांनी हुसकावून लावलं. मला त्या गावठी शेवाळांचं कौतुक वाटतं.

अपवाद आहे. फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी 2009 मध्ये नत्र तोडून नॅनोक्लोरॉप्सिस या शेवाळाचं तेल 60 टक्क्यांवर नेलं आणि एकूण उत्पन्नही वाढवून दाखवलं. मग आधीच ते का नाही सांगितलं, म्हणाल. त्याला समुद्राचं पाणी लागतं आणि तुमचं पिंप नळाखाली आहे.

काढणी. पंच्यातून गाळू नका, काही मायक्रॉनच्या पेशी कापडातून सरळ निघून जातात. लिटरला अर्धा ग्रॅम सुकं शेवाळ धरा, म्हणजे पिंपातून 100 ग्रॅम. 40 टक्के तेल धरलं तर 40 ग्रॅम, तीन मोठे चमचे. तेही पेशींच्या चिवट भिंती फोडता आल्या तर. कढई तापत ठेवली असेल तर गॅस बंद करा.