आठ मीटरवरचा गृहस्थ

सोमवारी रात्री आमच्या प्रभादेवीत अंधार औषधालाही सापडत नाही. मंगळवारच्या दर्शनासाठी सिद्धिविनायकाकडे अनवाणी निघालेली माणसं, हारवाले, चहावाले आणि डोक्यावर पालिकेचे दिवे. तरीही सावरकर मार्गावरून येणाऱ्या गाड्या कसारा घाटात लावायचा अप्पर इथं लावून येतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 106व्या नियमात एक गृहस्थ उभा आहे. दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, डोळे जमिनीपासून दीड मीटरवर. त्याचे डोळे दिपणार नाहीत इतका झोत कायम खाली वळलेला हवा, असं कायदा म्हणतो. दीड मीटरवर डोळे म्हणजे माणूस असेल सव्वापाच फुटांचा. ही तर माझीच उंची! दुभाजकापाशी उभं राहिलं की बाकीची मापंही जुळतात. इतकं नेमकं माप माझ्या शिंप्यानंही कधी घेतलं नव्हतं. आणि नेमकं मलाच समोरचं काही दिसत नाही.

पूर्वी यावर काळा रंग हा उपाय होता. 1971च्या ब्लॅकआउटमध्ये मुंबईत गाड्यांच्या दिव्यांना काळं फासलं होतं. युद्ध पंधरवड्याच्या आत आटोपलं, पण दिव्याच्या वरच्या बाजूचा काळा पट्टा पुढेही कितीतरी वर्षं दिसायचा. काही पद्मिनी टॅक्सीवाले तर बॅटरी वाचवायला पार्किंग लाइटवरच गाडी हाकायचे. त्यांनी कुणाचे डोळे दिपवले नाहीत. फक्त ते आलेत हे कळायचं नाही, एवढंच.

आता दिवा बघायला नसतोच, बोलायला असतो. एक डिपर म्हणजे ‘आलो’, दोन म्हणजे ‘सरक’, सलग चार असतील तर त्यात आपल्या मातोश्रींचा उल्लेख झालेला असतो. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायला बटणच नाही. तरी गोखले रोडवर भरदुपारी लोक बोटं उघडमीट करून स्कूटरवाल्याला ‘अहो, लाइट चालू आहे’ हे सांगतातच. अप्परवाल्यासाठी खूण अजून निघायची आहे.

परवा लंडनचा भाचा बरोबर होता. तिकडे समोरच्यानं दिवे मिचकावले की ‘तुम्ही व्हा पुढे’ असा रिवाज. इथं एका गाडीनं डिपर दिला. भाच्यानं हात उंचावून आभार मानले आणि रस्त्यात पाऊल टाकलं. मी कॉलर धरून त्याला मागे खेचला.

“अरे मामा, तोच जा म्हणाला ना!”

गाडी कचकन थांबली, काच खाली झाली आणि चालकानं उरलेला मजकूर तोंडी सांगितला.