वाळूवाले आप्पा

शहादा तालुक्यात कुणाला ‘वाळूवाले’ म्हटलं, की दारात दोन डंपर, खिशात दोन मोबाईल आणि तहसील कचेरीत ओळख, एवढं ऐकणारा धरूनच चालतो. आमच्या आप्पांकडे यातलं काहीच नाही. ते निवृत्त विज्ञानशिक्षक, वाहन सायकल. वाळूशी त्यांचा संबंध एवढाच, की कोबो आबे या जपानी लेखकाची वाळूवरची कादंबरी त्यांनी इंग्रजीत वाचली आहे आणि तिच्यावरचा सिनेमाही पाहिला आहे. असा एक आप्पा प्रत्येक तालुक्याला असतो. कुणाचा बर्गमन सांगतो, कुणाचा फेलिनी. आमच्या वाट्याला वाळू आली.

जपानात ही कादंबरी १९६२ साली निघाली. शहाद्यात ती रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर निघते. एक शाळामास्तर किडे गोळा करायला समुद्रकाठच्या वाळूत जातो. शेवटची बस चुकते. गावकरी गोड बोलून दोराच्या शिडीने एका खोल खड्ड्यातल्या घरात उतरवतात. घरात एकटी बाई. सकाळी बघतो तर शिडी गायब! वरून वाळू अखंड गळतेय. रोज रात्री उपसली नाही, तर घर गाडलं जाणार. उपसली तरच गावकरी वरून पाणी सोडणार. इथे आप्पा थांबतात, चष्मा काढतात, मंडळींकडे सावकाश नजर फिरवतात आणि म्हणतात, “अतिवास्तव!”

आप्पांचं दुःख असं, की इथे कुणीच चकित होत नाही.

प्रकाशा गावाकडून आलेला एक खरा वाळूवाला पहिल्यांदा बसला, तेव्हा त्याने विचारलं, “आप्पा, ब्रासना भाव काय व्हता?” आप्पांनी कपाळाला हात लावला. मग समजूत घालत ते म्हणाले, की कादंबरीतली वाळू साधी नाही, तिच्या कणाचा व्यास सरासरी एक अष्टमांश मिलिमीटर आहे. “एवढी बारीक? गिलाव्यालेबी चालाव नही,” तो म्हणाला. “आनि समुद्रनी म्हनजे खारी. स्लॅब कशी टिकी?” आता आप्पा गप्प झाले. कारण कादंबरीत नेमकं हेच आहे. गावकरी ती खारी वाळू चोरून अर्ध्या किमतीत बांधकामाला विकतात, मास्तर संतापतो आणि बाई शांतपणे विचारते, की दुसऱ्यांचं काय व्हायचं ते होवो, आपल्याला काय? एवढ्या मोक्याच्या जागेवर बोट ठेवणारा वाचक आप्पांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. तो भेटला आणि त्याने पुस्तकच वाचलेलं नव्हतं.

दुसरा ऐकणारा धडगावकडचा. दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जाणारा. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, “त्या मास्तरने उचल किती घेतली होती?”

“उचल नाही रे. फुकट अडकवला त्याला.”

“फुकट? मग त्याचा मुकादम हुशार.”

तिसरे वकील. त्यांनी फक्त मान डोलावली. मास्तर सात वर्षं सापडला नाही म्हणून त्याला मृत ठरवतात, यात त्यांना अतिवास्तव काही दिसेना. आपल्याकडेही सात वर्षं ठावठिकाणा नसला तर माणूस मेला असंच कायदा धरतो. “जपानचा कायदा चांगला दिसतो,” एवढं बोलून ते उठले.

घरी तर आप्पांची डाळ मुळीच शिजत नाही. काकूंचा अभिप्राय तयार असतो: “बाई जन्मभर उपसत होती, तेव्हा कुणी कादंबरी लिहिली नाही. बाप्याला फावडं धरावं लागलं, तेव्हा लिहिली. वर नाव मात्र बाईचं!” आजवर या कादंबरीवर याहून थोडक्यात कुणी लिहिलं असेल, असं मला वाटत नाही.

सिनेमाकडे वळले, की आप्पा मास्तर न राहता परीक्षक होतात. १९६४ सालचा कृष्णधवल सिनेमा, दिग्दर्शक हिरोशी तेशिगाहारा, संगीत तोरू ताकेमित्सु, कान महोत्सवात परीक्षकांचा खास पुरस्कार, दिग्दर्शनासाठी ऑस्करचं नामांकन. दिग्दर्शकाचे वडील पुष्परचनेच्या एका मोठ्या संप्रदायाचे संस्थापक, हेही ते सांगतात. “म्हणजे मंडप-डेकोरेशनवाले?” असा प्रश्न येतो, तो ते ऐकत नाहीत.

एवढं कौतुक करून शेवटी निकाल ठरलेला: “कादंबरीत जास्त चांगलं आहे.” कादंबरी पहिल्याच प्रकरणात सांगून टाकते, की हा माणूस परत आला नाही आणि सात वर्षांनी मृत ठरला. मग उरतं ते फक्त कसं झालं. सिनेमा हे गाठोडं शेवटपर्यंत बांधून ठेवतो. कुणीतरी आठवण करून दिली, की पटकथा खुद्द आबेंनीच लिहिली होती. आप्पा म्हणाले, “लेखकाला काय कळतं!”

एकदा पुण्याला शिकणारा एक पोरगा सुटीत आला आणि टपरीवर सहज म्हणाला, “आप्पा, पाहिला तो पिक्चर. मोबाईलवर.” टपरीवर शांतता पसरली. आप्पांची इतक्या वर्षांची मक्तेदारी त्या पाच इंची काचेवर फुटली होती. पण ते आप्पा होते. “किती मिनिटांचा?” त्यांनी विचारलं. “दोन तासांचा.” आप्पांचा चेहरा उजळला. “ती कापलेली प्रत. १४७ मिनिटांची पाहिलीस, तर पाहिला म्हण.” पोराने चहाचे पैसे दिले.

शेवट मात्र आप्पा कधीच भरभर सांगत नाहीत. मास्तर कावळा पकडायला वाळूत लाकडी पिंप पुरतो. कावळा येत नाही, पण पिंपात पाणी जमतं. वाळू खालचं पाणी केशाकर्षणाने वर ओढत असते. इथे निवृत्त विज्ञानशिक्षकाचा आवाज वर्गातला होतो. मग एक दिवस शिडी तशीच लटकत राहते. पळायला वाट मोकळी. आणि मास्तर पळत नाही. पाण्याचा शोध कुणाला तरी सांगायचा असतो आणि तो कळणारी माणसं त्या खड्ड्याच्या गावातच असतात.

आप्पांची बदली एकदा धुळ्याला होत होती, ती त्यांनी स्वतः खटपट करून रद्द करून घेतली, हे तालुक्याला माहीत आहे. कारण कुणी विचारलेलं नाही.

तुम्ही कधी शहाद्याला गेलात, तर सिनेमा पाहिलाय हे चुकूनही बोलू नका. “मग पुढं काय झालं?” एवढंच विचारा. चहा आप्पांकडून.