फ्रीटाऊनमध्ये समुद्रकाठच्या हॉटेलात कसं राहावं : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : पासपोर्ट, व्हिसा. पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड. मलेरियाच्या गोळ्या, डॉक्टरांनी सांगितल्या असतील तशा. तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा अडॅप्टर. न मुडपलेल्या, न फाटलेल्या आणि शक्यतो नव्या छपाईच्या डॉलरच्या नोटा. पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट. समुद्राची आवड, असल्यास.

शेवटच्या जिनसावाचून काही अडत नाही. पिवळ्या कार्डावाचून मात्र अडतं. ही लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी सरकारमान्य केंद्रात टोचून घ्यायची. 2016 पासून ती जन्मभर चालते, तेव्हा कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला हरकत नाही. सिएरा लिओनचा अधिकारी ते बघेल, पण खरी परीक्षा परतीची. पीतज्वराच्या देशातून कार्डाशिवाय आलेल्या प्रवाशाला आपलं सरकार सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं, आणि त्या खोलीला सी-फेसिंगचा पर्याय नसतो.

कृती

सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन, पण तिचा विमानतळ आहे लुंगीला. या नावावर जे हसायचं ते मुंबईतच हसून घ्यावं. इमिग्रेशनच्या खिडकीपुढे कारण समजावून सांगता येत नाही. नकाशात लुंगी आणि फ्रीटाऊन यांच्यात बोटभर अंतर दिसतं. त्या बोटभर अंतरासाठी बोट लागते, कारण मधे सिएरा लिओन नदीचं अवाढव्य मुख आहे. जगातल्या मोठ्या नैसर्गिक बंदरांत त्याची गणना होते. फ्रीटाऊनच्या बाजूला डोंगर थेट पाण्यात उतरलेले, सपाटी सगळी पलीकडच्या काठावर. म्हणून विमानं तिकडे आणि माणसं इकडे. रस्त्याने यायचं तर खाडीला भलाथोरला वळसा, त्यात कित्येक तास जातात. पूर्वी हेलिकॉप्टरं होती, हॉवरक्राफ्टही होती. आता नवशिक्याने निमूट वॉटर टॅक्सीचं तिकीट काढावं.

हॉटेलची खोली ताब्यात यायच्या आधीच समुद्र ताब्यात घेतो, हे या शहराचं वैशिष्ट्य लक्षात ठेवा. भारतातून थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा कासाब्लांकामार्गे येणारी विमानं अनेकदा रात्रीअपरात्री उतरतात. तुमची बॅग विमानतळावरच बोटवाल्यांचा माणूस घेतो आणि बदल्यात एक बिल्ला देतो. मग लहान बसने जेट्टी, तिथे नारिंगी लाइफ जॅकेट, आणि अंधारात अर्धा-पाऊण तास फटफट. या वेळात बॅग खरंच आपल्या बोटीवर चढली का, याचा विचार करू नये. शेजारच्या प्रवाशाशी बोलावं. तो हमखास तीनपैकी एक असतो : खाणीतला, मदतसंस्थेतला, किंवा वर्ल्ड बँकेच्या कुठल्यातरी प्रकल्पाचा सल्लागार. चौथा प्रकार, म्हणजे सुट्टीसाठी आलेला मनुष्य, भेटलाच तर त्याला नीट पाहून घ्या.

आता हॉटेल. समुद्रकाठची बहुतेक बडी हॉटेलं शहराच्या पश्चिम टोकाला, अ‍ॅबर्डीन आणि लुमले या भागांत आहेत. खोली मागताना ‘समुद्राकडची’ असं सांगावं, आणि ती मिळाल्यावर वातानुकूलन यंत्राची गरम हवा कुठे जाते, जनरेटर कोणत्या अंगाला आहे आणि रविवारी रात्री किनाऱ्यावरचा लाउडस्पीकर कोणत्या दिशेला तोंड करतो, हे तपासावं. बहुधा तिन्हींचं उत्तर ‘समुद्राकडेच’ हे निघतं. खाऱ्या हवेने बाल्कनीच्या दाराची कडी गंजलेली असेल. ती एकदा उघडली की बंद होत नाही आणि बंद असली तर उघडत नाही. मालवण किंवा श्रीवर्धनच्या घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. इतरांनी स्वागतकक्षाला फोन करावा. उत्तर ‘येस बॉस, वी डे कम’ असं येईल. येतात. केव्हा, हा प्रश्न इथल्या क्रिओ भाषेतही विचारता येतो, पण न विचारणं सभ्यपणाचं.

अभिवादनाशिवाय बोलायला सुरुवात करू नये. हा नियम लिफ्टमधल्या, दारावरच्या, न्याहारीच्या टेबलावरच्या प्रत्येक माणसाला लागू. तुम्ही ‘कुशे’ म्हणायचं. समोरून ‘हाउ दि बॉडी?’ असं येतं. त्यावर ‘दि बॉडी फाइन’ म्हणायचं. इथे आपला मराठी माणूस गुडघेदुखी, पित्त, प्रवासात न झालेली झोप असं खरं उत्तर द्यायला लागतो. ते द्यायचं नाही. थेट ‘माझ्या खोलीत पाणी नाही’ असं सुरू केलंत तर पाणी येईल, पण तुमची नोंद उद्धट माणूस म्हणून होईल, आणि ही नोंद पाहुण्यांच्या वहीपेक्षा जास्त काळ टिकते.

पैशांचा पाठ थोडक्यात. 1 जुलै 2022 रोजी देशाने आपल्या लिओन या चलनाची तीन शून्यं पुसली. जुने दहा हजार ते नवे दहा. नोटा बदलल्या, जिभा इतक्या लवकर बदलत नाहीत. किनाऱ्यावरच्या बाईने नारळ ‘वीस हजार’ सांगितला तर दचकून घासाघीस सुरू करू नका, मनातल्या मनात तीन शून्यं काढा आणि मग सुरू करा. हॉटेलचं बिल डॉलरात. तिथे शून्य काढण्याची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला फोन वाजेल. घाबरू नये, पुण्यात दहा वाजले आहेत आणि ऑफिस भरलं आहे. सिएरा लिओनचं घड्याळ ग्रीनिचवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. उठलाच आहात तर बाल्कनीत या. (कडी उघडली तर.)

खाली लुमलेचा लांबलचक किनारा. सकाळी तुम्हाला तिथे माणसांच्या दोन रांगा दिसतील, वाळूत टाचा रोवून दोर ओढणाऱ्या. समुद्रात होडीने अर्धवर्तुळात सोडलेलं जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर आणणं चाललेलं असतं. आपल्याकडे सिंधुदुर्गात आणि गोव्यात याला रापण म्हणतात, आणि जी पद्धत तिथे तीच इथे : दोराला हात लावणाऱ्याला वाटा, म्हाताऱ्यांचा आरडाओरडा, पोरांची लुडबुड, टोपल्या घेऊन थांबलेल्या बायका. जाळं काठाला लागलं की भाव त्या बायका ठरवतात, पुरुष नुसते ओले होतात. मासळी कधी भरघोस असते, कधी मूठभर रुपेरी पोरं आणि प्लास्टिकच्या पिशव्या. बाहेरून आलेले मोठे ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन समुद्र उपसून नेतात ही तक्रार इथेही आहे, मालवणातही आहे. पाहुण्याने ती ऐकून घ्यावी आणि संध्याकाळी बाराकुडा मागवताना आठवावी. दोर ओढायला हात लावायचा असेल तर जरूर लावा. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. विचारल्यावर पैसे मागितले तर रागावू नका, तुमच्या खोलीचं एका रात्रीचं भाडं त्या रांगेतल्या बहुतेकांना ठाऊक असतं.

या किनाऱ्यावर रिकामटेकडे फक्त हॉटेलचे पाहुणे असतात, ही गोष्ट नवशिक्याच्या ध्यानात हळूहळू येते. समुद्र इथे दिवसभर राबतो. माणसं विमानतळावरून आणतो, मासळी देतो, बंदरात तांदूळ उतरवतो. शहराच्या विजेचा मोठा वाटासुद्धा 2018 पासून काही वर्षं बंदरात नांगरलेल्या एका तुर्की जहाजातून येत असे. त्यावर वीजनिर्मिती केंद्रच आहे. थकबाकीवरून ती वीज कधी कमी व्हायची, कधी बंद. मग हॉटेलचा जनरेटर गुरगुरू लागे आणि त्या गुरगुरीत लाटांचा आवाज, ज्याचे तुम्ही पैसे भरलेत, ऐकू येत नसे.

पोहायचं असेल तर हॉटेलच्या तलावात. लाटा गोजिरवाण्या दिसतात, खालची ओढ तशी नसते, पावसाळ्यात तर मुळीच नाही. पावसाळा मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो कोकणाशी स्पर्धा करतो. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर. शहराच्या डोंगरांनी ऑगस्ट 2017 मध्ये दरड सोडली आणि हजाराच्या वर माणसं गेली. तेव्हा धो धो पावसात ‘काय रोमँटिक!’ असं टॅक्सीवाल्याजवळ म्हणू नये. डिसेंबर ते फेब्रुवारीत पाऊस नसतो, पण सहाराकडून हरमाटन वारा येतो आणि धुळीने समोरचा समुद्र पुसून टाकतो. सी-व्ह्यूचं भाडं तेवढंच राहतं.

जेवण. इथे भात खाल्ला नाही तर जेवलो असं कुणी मानत नाही, त्यामुळे कोकणी माणसाची निम्मी काळजी मिटली. हॉटेलच्या बुफेत पास्ता, फ्राइज आणि एक पिवळट ‘करी’ असते. तिला नमस्कार करून पुढे जावं. कसावा लीफ मागवावं. कुटलेला कसाव्याचा पाला, लाल पामतेल, शेंगदाण्याचं वाटण, मिरची. दिसायला अळूचं फदफदं, चवीला फदफद्याने मुंबई सोडून समुद्रप्रवास केल्यासारखं. शाकाहाऱ्यांनी मात्र काळजी घ्यावी. ‘नो मीट, नो चिकन’ असं सांगितलंत तर ते दोन्ही नक्की नसेल. सुक्या मासळीबद्दल तुम्ही काही बोललाच नव्हतात. ती इथे फोडणीचा भाग आहे, जशी आपल्याकडे मोहरी. ‘थोडीशीच आहे’ हे उत्तर मनापासून दिलेलं असतं. नाइलाज झाल्यास शेजारच्या एखाद्या लेबनीज हॉटेलात हुमुस खावा. लेबनीज व्यापारी इथे शतकाहून जास्त काळ आहेत. आणि तो भात कुठून येतो ते विचारायला विसरू नका. आयात तांदळात आपला वाटा मोठा. भारताने जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या स्वयंपाकघरांत तो निर्णय दिल्लीच्या आधी समजला असावा.

फिरणं. हॉटेलच्या दारावरची टॅक्सी गार असते आणि तिचा भाव वरच्या मजल्यावरच्या माणसांसाठी ठरलेला असतो. चार पावलं चालून मुख्य रस्त्यावर आलात की तीनचाकी दिसतील. त्यांना इथे केके म्हणतात. वाकून मागची पाटी वाचा. बऱ्याच ठिकाणी बजाज लिहिलेलं असेल. आकुर्डीच्या माणसाचा ऊर इथे भरून येतो आणि तो चालकाला सांगू लागतो की ही गाडी माझ्या गावची. चालक आनंदाने ऐकून घेतो आणि क्लचची केबल स्वस्तात मिळेल का विचारतो. मीटर नाही. हे वाचून पुणेकराला घरच्यासारखं वाटेल.

इतिहासाचा तास. तो लॉबीतच घ्यावा, तिथे वातानुकूलन आहे. 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष सियाका स्टीव्हन्स यांनी आफ्रिकी एकता संघटनेची शिखर परिषद फ्रीटाऊनला भरवली. पाहुणे येणार म्हणून हॉटेलं, बंगले, दिवे, सगळं झालं, आणि त्या थाटापायी देशाची तिजोरी खिळखिळी झाली असं आजही मानलं जातं. घरात कर्ज काढून पंगत घालणारे आपल्याला नवे नाहीत. अ‍ॅबर्डीनचं मामी योको हॉटेल त्या काळातलं. मेंदे लोकांच्या एका कर्तबगार राणीचं नाव त्याला दिलेलं आहे. मे 1997 मध्ये लष्करी बंड झालं, आणि जूनच्या सुरुवातीला या हॉटेलच्या तळघरात शेकडो परदेशी लोक डोक्यावरून चाललेला गोळीबार ऐकत बसले होते. शेवटी अमेरिकी नौसैनिकांनी त्यांना इथून उचलून समुद्रातल्या युद्धनौकेवर नेलं. पुढे त्याच इमारतीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं मुख्यालय आलं. तिचे पहिले सेनापती भारतीय होते, मेजर जनरल विजय जेटली. जवळच्या बिंटुमानी हॉटेलात 1995 आणि 1996 मध्ये दोन परिषदा भरल्या आणि देशात यादवी युद्ध चालू असतानाही निवडणुका घ्यायच्या असं ठरलं. म्हणजे देशाचे मोठे निर्णय, मोठी पळापळ आणि मोठा खर्च हे तिन्ही समुद्राकडच्या खोल्यांच्या आसपास झालेले. तुमच्या टॉवेलला भोक असल्याची तक्रार करण्यापूर्वी हे आठवलंत तर आवाज आपोआप खाली येतो. तक्रार करावीच, टॉवेलला भोक असू नये.

सातच्या सुमारास सूर्य समुद्रात बुडतो, अगदी रत्नागिरीसारखा. त्या वेळी पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. लोक सूर्य बघत असतात तेव्हा डास लोकांकडे बघत असतात.

निघताना. विमान रात्री दोनचं असेल तर बोट किती वाजता सुटते हे आदल्या दिवशी विचारा, आणि सकाळी परत विचारा. ऐकू येणारी वेळ विमानाच्या कित्येक तास आधीची असेल. हा वेळ वाया जातो म्हणून हुज्जत घालू नये, कारण चुकलेल्या बोटीमागून पोहत जाता येत नाही. बिलातलं लाँड्रीचं पान दोनदा वाचा. एखादा शर्ट तुमच्या नावावर तीनदा धुतला गेला असेल. बोटीत पुढच्या बाकांवर पाणी उडतं, मागच्या बाकांवर डिझेलचा धूर येतो. मधल्या बाकावर वर्ल्ड बँकेचा सल्लागार बसलेला असतो, तो लवकर आलेला असतो.